दोन मुरुड, दोन वेळास, दोन बोर्ल्या : अलिबाग ते दाभोळ, किनाऱ्याच्या रस्त्यानं

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तांडेलाचा, म्हणजे मच्छीमार बोटीच्या मुख्य खलाशाचा, फोन आला, "भाऊ, पंपाचा रबरी पंखा गेलाय, मुरुडात आणून दे, बोट अडकलीय." मी दापोलीत राहतो, बोटीच्या इंजिनांचे सुटे भाग विकतो. मुरुड म्हटल्यावर गाडीला चावी लावली आणि अर्ध्या तासात हर्णैच्या अलीकडच्या मुरुडात हजर. किनाऱ्यावर घोडागाडी, नारळपाणी, दोन कुत्री. तांडेल नाही, बोटही नाही. फोन केला तर म्हणाला, "अरे, मी जंजिऱ्याच्या मुरुडात! तू कुठं गेलास?" तो उभा होता दोन खाड्या पलीकडे. तो पंखा त्याला दुसऱ्या दिवशी मिळाला, आणि 'मुरुडवाला' हे नाव मला त्या बंदरावर अजून चिकटलेलं आहे.

आता भाच्यानं नवी गाडी घेतलीय. आईला, म्हणजे माझ्या ताईला, अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्यानं हर्णैला आणतो म्हणतोय. त्याला फोनवर तीनदा सांगून झालं, चौथ्यांदा सांगण्यापेक्षा लिहून काढतो. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आधी रस्ता ओळखून घ्या. हा रेवस-रेडी सागरी मार्ग, प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत. अंतुलेसाहेब १९८० ते ८२ मुख्यमंत्री होते, त्या काळापासून या रस्त्याचं स्वप्न कोकणाला दाखवलं गेलंय. रस्ता झाला, पण खाड्यांवरचे मोठे पूल राहिले. त्यामुळे कागदावर एक महामार्ग आणि जमिनीवर त्याचे तुकडे. तुम्हाला लागणारे तुकडे दोन. पहिला रायगडचा, अलिबाग ते बागमांडला. दुसरा रत्नागिरीचा, वेशवी ते दाभोळ. मधे सावित्री नदीची बाणकोट खाडी. पहिल्या तुकड्यालाही आगरदांड्याला राजपुरीची खाडी आडवी येते, पण ती घरातली भांडणं समजा. खरा खंड बाणकोटचा, कारण तिथं जिल्हा बदलतो, रस्त्याची जात बदलते आणि वाहतूकही बदलते.

वाटेत शंका आली तर मैलाच्या दगडाचं डोकं बघा. हिरवं असेल तर राज्य महामार्ग, पिवळं असेल तर तुम्ही राष्ट्रीय महामार्गावर भरकटलात. फोनवरच्या नकाशापेक्षा मी या दगडांवर जास्त विश्वास ठेवतो, आणि त्याला कारण आहे. या रस्त्यावर गावांची नावं जोडीनं येतात. मुरुड दोन : जंजिऱ्याचं पहिल्या तुकड्यात, हर्णैजवळचं दुसऱ्यात. वेळास दोन : एक दिवेआगरच्या वरच्या अंगाला आदगावजवळ, दुसरं खाडीपलीकडे बाणकोटजवळ, कासवांचं. बोर्ली दोन : बोर्ली मांडला काशीदच्या अलीकडे, बोर्ली पंचतन दिघीच्या पुढे. मार्चमध्ये कासवांची पिल्लं बघायला निघालेली आणि दिवेआगरच्या वेळासात "कासवं कुठं?" विचारणारी माणसं मी स्वतः बघितली आहेत. म्हणून फोनमध्ये गाव टाकूच नका. जेटी, म्हणजे गाडी फेरीबोटीवर चढवायचा धक्का, तो टाका. आधी आगरदांडा, तिथं पोचलात की बागमांडला, मग वेशवी ओलांडल्यावर पुढचं. एकदम "अलिबाग ते दाभोळ" टाकलंत तर फोन शहाणपणा करून तुम्हाला महाडकडून मुंबई-गोवा रस्त्यावर घालतो.

घाई असेल तर तो रस्ताच बरा, हेही सांगून ठेवतो. किनाऱ्यानं अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आहे, पण इथं ताशी तीसचा हिशेब धरायचा. जेट्यांवरचं थांबणं वेगळं. सकाळी सहाला अलिबाग सोडलंत, साधा वार असला आणि जेवणावर फार वेळ काढला नाहीत, तर संध्याकाळी चार-पाचला दाभोळ. डिझेल-पेट्रोल अलिबागला भरा, श्रीवर्धनला पुन्हा बघा, दापोलीला पुन्हा. जेटीसाठी सुटे पैसे जवळ ठेवा, खाडीच्या तोंडाशी फोनला रेंज असेलच असं नाही.

पहिला तुकडा

अलिबागहून नागाव, चौल, रेवदंडा हे सतरा-अठरा किलोमीटर म्हणजे सुपारीच्या वाड्यांमधून काढलेली गल्ली. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, साईडपट्टी नावालाच. समोरून एसटी आली की कुणीतरी एक मागे जातो, आणि तो तुम्हीच असता. शनिवारी दहानंतर इथं मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. मांडव्याला २०२० पासून गाड्या घेऊन येणारी मोठी बोट सुरू झाली, तेव्हापासून ती रांग एकदम बोटभर येते आणि बोटभर जाते. सातच्या आत चौल मागे टाकलंत तर हे काहीच दिसणार नाही. दिसतील फक्त शाळेची पोरं आणि मिनीडोअर, म्हणजे इकडच्या मोठ्या प्रवासी रिक्षा. मिनीडोअरवाल्याच्या मागे फार चिकटून चालवू नका. हात दाखवणारं माणूस दिसलं की तो असेल तिथं थांबतो, त्याला ब्रेकलाईट लागत नाही.

रेवदंड्यात रस्ता पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातूनच जातो. तिथं हॉर्न द्या आणि थांबून आत शिरा. ताईला सांगायला एक गोष्ट : या रेवदंडा-चौलच्या बंदरात पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. परत जाताना तो दाभोळहून जहाजात बसला. म्हणजे आपल्या प्रवासाची दोन टोकं त्याचीच. मधे तो जुन्नर-बिदर फिरून आला, तुम्ही तसं करू नका.

पुढे कुंडलिकेवरचा साळावचा पूल. पूल जुना आहे, साळावला पोलादाचा कारखाना आहे, अवजड गाड्या असतात. पुलावर ओव्हरटेक नाही. कोर्लईपासून समुद्र उजव्या हाताला येतो आणि ड्रायव्हरची नजर तिकडे जाऊ लागते. बोर्ली मांडला, मग काशीद. काशीदला शनिवार-रविवारी रस्ता हा रस्ता राहत नाही, सुरूच्या बनाखालचं वाहनतळ होतो. लोक दार उघडताना मागे बघत नाहीत, वाळूत माखलेली पोरं मधेच धावतात. वीसच्या वर काटा जाऊ देऊ नका. काशीदजवळचाच जुना पूल जुलै २०२१ च्या पावसात रात्री कोसळला होता, त्यात एका दुचाकीस्वाराचा जीव गेला. तेव्हापासून मी जुलै-ऑगस्टमध्ये रात्री या पट्ट्यातून जात नाही. मोरीवरून पाणी वाहताना दिसलं तर गाडी थांबवायची, समोरचा गेला म्हणून आपण जायचं नाही. मुरुडला पोचायचा दुसरा रस्ता रोह्याकडून सुपेगावमार्गे आहे, तो लक्षात ठेवा.

मुरुड गावात न रेंगाळता आगरदांडा गाठा. इथली जंगलजेटी तुम्हाला दिघीला उतरवते. गाडीसकट नेणाऱ्या या फेरीबोटीला आमच्याकडे जंगलजेटीच म्हणतात. का, ते मला विचारू नका. दिघी हे मालवाहू बंदर आहे. उतरल्यावर ट्रेलर समोर आले तर तोंड वेडीवाकडी करू नका, त्यांना वळायला आपल्यापेक्षा दुप्पट जागा लागते. ते माणगावकडे जातात, तुमचा फाटा वेगळा. बोर्ली पंचतनवरून दिवेआगर.

दिवेआगरला नाश्ता. उकडीचे मोदक मिळाले तर घ्या. वाड्यांमधल्या सुपाऱ्या कोवळ्या दिसतील. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं इथल्या आणि श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या केल्या होत्या, त्यानंतरची ही लागवड. आमच्या धंद्यातही त्या वर्षी दोन महिने मी फक्त पाण्यात बुडालेली इंजिनं बघत होतो.

दिवेआगर ते श्रीवर्धन आतूनही जाता येतं, पण तुम्ही भरडखोल, शेखाडी, आरावी असाच जा. रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की पावसाळ्यात लाटेचे तुषार काचेवर येतात. भरडखोलला मात्र शिस्त पाळा. ते कोळीवाड्याचं गाव आहे, रस्त्याच्या कडेला जाळी पसरलेली असतात. जाळ्यावरून चाक नेऊ नका. "आमचं जेवण आहे ते," असं एका म्हातारीनं एका पर्यटकाला ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज तुम्हाला ऐकायचा नाही. शेखाडीला १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरवलं गेलं होतं. म्हणून या पट्ट्यात पोलिसांनी गाडी थांबवली तर कागद दाखवा आणि पुढे चला, वाद घालण्यात अर्थ नाही.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर. हरिहरेश्वरला दर्शनाला थांबलात तर गाडीचा तास जातो, म्हणून ताईला आधीच विचारून ठेवा. तिथून बागमांडला जवळच.

खाडी

इथं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यांची फजिती इथंच होते.

बागमांडल्याला पोचल्यावर खाडीत अर्धवट पुलाचे खांब दिसतात. ते बघून उसासा टाकायचा आणि गाडी रांगेत लावायची. ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जेटीवरचा पोऱ्या "ओ काका, पाठी घ्या, अजून पाठी, बास बास" म्हणत हातानं दाखवतो. तो म्हणेल तसंच करा, सरळ चढवायला सांगेल नाहीतर रिव्हर्स. मागे बसलेल्या मेव्हण्यानं काय सांगितलं ते ऐकू नका. चढवताना माणसं खाली उतरवा, गाडी हलकी होते. पहिला गिअर, क्लच अर्धा, घाई नाही. बोटीवर हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

आता पाण्याचा हिशेब. भरती असते तेव्हा बोट धक्क्याच्या बरोबरीला येते, गाडी घरच्या अंगणात घातल्यासारखी आत जाते. ओहोटीला उतार लांब होतो, त्याचा खालचा भाग शेवाळलेला आणि गाळानं माखलेला असतो. बोटीची फळी आणि उतार यांचा कोन वाढतो आणि कमी उंचीच्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. भाच्याची नवी गाडी तशीच आहे.

भरती कधी, हे काढायला कुठलं ॲप नको. मला हे कोळ्यांनी शिकवलं, कारण बोट बंदरात भरतीला येते आणि गिऱ्हाईक त्याच वेळी भेटतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हीच वेळ दुपारी आणि रात्री, म्हणजे दिवसात दोन भरत्या. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण गाडी चढवायला एवढं पुरे.

यातली गंमत बघा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतंही. भरती बाराला, तर पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. आणि आपल्याकडे लोक सुट्टीवर कधी येतात? होळीला पौर्णिमा, दिवाळीला लक्ष्मीपूजनाची अमावस्या. दिवसभर समुद्रावर लोळून सगळे संध्याकाळी एकदम जेटीवर येतात, आणि नेमका तेव्हाच उतार सगळ्यात वाईट असतो. जेटीवाल्यांना शिव्या देतात. बिचारे चंद्राला काय करणार? म्हणून सणाच्या दिवशी बागमांडला बाराच्या सुमाराला ओलांडा. गर्दीही कमी असते आणि पाणीही वर असतं. रविवारी दुपारी तीननंतर परतणाऱ्यांची रांग लागते, ती वेगळी.

वारा जोरात असेल किंवा वादळाचा इशारा असेल तर फेरी बंद असते. तेव्हा भांडून उपयोग नाही. मागे फिरा, म्हसळ्यावरून आंबेतला जा, तिथं सावित्रीवरचा पूल आहे, पलीकडे म्हाप्रळ आणि मग मंडणगड. त्या पुलाचीही दुखणी आहेत. २०२२ मध्ये तो दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा तिथंही जंगलजेटी चालवावी लागली. निघण्याआधी म्हसळ्यात कुणा टेम्पोवाल्याला विचारा, "आंबेत चालू आहे का?" तो जे सांगेल ते खरं.

दुसरा तुकडा

वेशवीला उतरलात की लगेच फरक जाणवेल. रायगडात रस्ता समुद्राच्या कडेनं पळत होता, इथं तो चढायला लागतो. खाडी, मग चढ, वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे सपाट कातळाचा माळ, पुन्हा उतार, खाली गाव, माड, खाडी. दाभोळपर्यंत हेच चालू राहतं. चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्यानं थांबायचं. हे इथले जुने ड्रायव्हर पाळतात, बाहेरचे विसरतात. वळणावर हॉर्न द्या. उतारावर गिअर खाली आणा, नुसता ब्रेक दाबून उतरलात तर तळाला पोचेपर्यंत वास येईल.

इथून दोन वाटा. मंडणगडवरून दापोली हा रुंद आणि सरळ रस्ता, संध्याकाळ होत आली असेल तर हाच घ्या. दिवस हातात असेल तर केळशी, आडे, पाडले, आंजर्ले असे किनाऱ्यानं या. अरुंद आहे, पण गाड्या नसतातच. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल झाला आहे, त्यामुळे पूर्वीसारखी होडी नको, थेट हर्णै.

या तुकड्यात पर्यटकांपेक्षा मासळीची वाहतूक महत्त्वाची. हर्णैला बंदरावर लिलाव होतो, संध्याकाळचा मोठा. चारपासून बर्फाच्या गाड्या खाली येतात आणि मासळी भरलेले पिकअप वर जातात. वर जाणाऱ्या पिकअपला वाट द्या. बर्फ वितळत असतो, त्याला तुमच्या फोटोचं काही पडलेलं नसतं. त्यातून रस्त्यावर पाणी गळतं, त्यात मासळीचं तेल, आणि वळणावर दुचाकी घसरते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हाच रस्ता रिकामा असतो, आणि माझा धंदाही. एप्रिल-मेमध्ये पिकअपमध्ये मासळीच्या जागी आंब्याच्या पेट्या असतात, पण ड्रायव्हर तोच आणि वेगही तोच.

शिमग्यात आलात तर पालखी रस्त्यात मिळेल. ढोल ऐकू आले की इंजिन बंद करा, खाली उतरा. पालखी नाचवून पुढे जाईपर्यंत कुणी हॉर्न वाजवत नाही. ताई तर उतरून ओटी भरायला जाईलच, त्याचा अर्धा तास आत्ताच धरून ठेवा. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्या दापोलीत अडकतात, तेव्हा बाजारपेठेतून जाऊ नका.

पावसाळ्यात रात्री सड्यावर गुरं रस्त्यावरच बसतात, डांबर गरम असतं म्हणून. काळी म्हैस आणि काळा रस्ता, दिव्यात फक्त डोळे दिसतात. मी एकदा एका रेड्यापासून दोन हातांवर थांबलो. तो उठला नाही, मीच गाडी कडेनं घातली.

भाच्याचा मुक्काम हर्णैला, त्यामुळे त्याचं काम इथं संपलं. पुढे जाणाऱ्यांसाठी : हर्णै, मुरुड (हे बरोबरचं मुरुड), कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा किनाऱ्याचा रस्ता दाभोळला जातो. दापोलीतून सरळ आलात तर साधारण अठ्ठावीस किलोमीटर. शेवटचा उतार दाभोळ गावात तीव्र आहे आणि खाली गल्लीत वळतो, मोठी गाडी असेल तर आरसे मिटून घ्या.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी, आणि महामार्ग पुन्हा पाण्यात. पलीकडे धोपावे, तिथून गुहागर. ही फेरी २००३ पासून चालू आहे. ती चुकली तर जमिनीवरून दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला जायला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतात. म्हणून शेवटच्या फेरीच्या भरवशावर येऊ नका, तिच्या आधीची पकडा. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, धक्क्यावरच्या पाटीवर असतं. चुकलीच, तर गावात खोली मिळते, सकाळची पहिली फेरी घ्या. फक्त गाडी रात्री धक्क्याच्या उतारावर लावून झोपायला जाऊ नका, वर रस्त्याला लावा. विशेषतः पौर्णिमा असेल तर. भरती बाराची.